पेट्रोल शंभरीपार, खिसा तंग: गाडी घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. मधल्या काळात कर कमी झाले, दर थोडे उतरले, पण शंभराच्या खाली काही आले नाहीत. त्याच वर्षांत पगार अडकले, व्याज वाढलं आणि गाडी घेणाऱ्यांचे प्रश्नही बदलले. खालचे हिशेब पेट्रोल १०४, डिझेल ९० आणि सीएनजी ८० रुपये असे दर धरून केले आहेत. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो घालून गणित पुन्हा मांडा.

पेट्रोल महागलं की लोक लहान, स्वस्त गाडीकडे वळतात ना?

असं वाटतं खरं, पण घडलं उलटं. पाच लाखांच्या आतल्या नव्या गाड्या २०१५-१६ मध्ये नऊ लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि बीएस-६ (धुराचे कडक निकष पाळणारं) इंजिन सक्तीचं झालं, त्याची किंमत स्वस्त गाडीवरच सगळ्यात जड पडली. ज्याच्याकडे जेमतेम पैसे होते तो नवी गाडी सोडून सेकंड हँडकडे गेला किंवा दुचाकीवरच थांबला. ज्याला परवडत होतं त्याने उंच गाडी काढली आणि इंधनाची चिंता सीएनजीवर सोपवली. आज देशात जुन्या गाड्यांचा बाजार नव्यापेक्षा मोठा आहे आणि नव्या विकल्या जाणाऱ्या दर पाच गाड्यांत साधारण एक सीएनजीची असते.

गाडीचा सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलच असतो का?

महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चालवत असाल तर हो. नाहीतर नाही. पंपावर नोटा मोजून द्याव्या लागतात म्हणून पेट्रोल टोचतं. घसारा, म्हणजे गाडीची वर्षागणिक घटणारी किंमत, कोणी मागायला येत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही.

समजा गाडी साडेआठ लाखांना रस्त्यावर आली आणि पाच वर्षांनी साडेचार लाखांना गेली. चार लाख गेले, म्हणजे महिन्याला साधारण ६,६५० रुपये. विमा आणि सर्व्हिसिंग धरून आणखी अडीच हजार. गाडी जागेवर उभी राहिली तरी ९,१५० रुपये गेलेच. आता महिन्याला ५०० किलोमीटर चालवली आणि लिटरला १६ चं ॲव्हरेज मिळालं तर पेट्रोल ३,२५० रुपयांचं, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. हीच गाडी १,५०० किलोमीटर चालली तर पेट्रोल ९,७५० रुपयांचं, अर्ध्याहून जास्त. म्हणून आधी आपलं रनिंग मोजा. गाडीचं मॉडेल त्यानंतर. कमी रनिंगवाल्याने ॲव्हरेजसाठी लाखभर जास्त मोजणं हा तोट्याचाच सौदा.

सीएनजी नेमकी किती चालवली की परवडते?

पेट्रोलवर किलोमीटरला खर्च: १०४ भागिले १६, म्हणजे साडेसहा रुपये. सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर धरले तर ८० भागिले २५, म्हणजे ३ रुपये २० पैसे. फरक ३ रुपये ३० पैशांचा. त्याच मॉडेलची कंपनी फिटेड सीएनजी गाडी साधारण ९५ हजारांनी महाग धरली, तर हा फरक सुमारे २९ हजार किलोमीटरनंतर वसूल होतो. महिन्याला १,००० किलोमीटरवाल्याला अडीच वर्षांच्या आत, ५०० किलोमीटरवाल्याला जवळजवळ पाच वर्षांनी. सीएनजीची गाडी विकतानाही थोडी जास्त किंमत देते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं आधीच भागतं. महाराष्ट्रात सीएनजीला एकरकमी वाहनकरही पेट्रोलपेक्षा कमी आहे, तो ऑनरोड (कर, विमा, नोंदणी धरूनची) किंमत काढताना धरा.

आता या गणितात न येणारी गोष्ट: रांग. लहान गाडीतली ६० लिटरची टाकी हे पाण्याचं माप असतं. २०० बार दाबाने त्यात ८ ते ९ किलो गॅस बसतो, म्हणजे एका भरण्यात दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. हजार किलोमीटरला महिन्यातून पाच वेळा पंप गाठायचा. उन्हाच्या कडाक्यात भरताना टाकी तापते, दाब लवकर चढतो आणि गॅस कमी बसतो, म्हणून सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा भरलेला बरा. शिवाय पंप पाइपलाइनवरचा आहे की ट्रकने टाक्या आणून चालवलेला, हे विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारच्या पंपावर गर्दीच्या वेळी गॅसचा दाब घटतो आणि दीड तास थांबून सहा किलोच मिळतात. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककरांना हे जमून जातं. तळकोकणात किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने गाडी बुक करण्याआधी रोजच्या वाटेवर पंप आहे का, हे स्वतः जाऊन बघावं.

जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून किट बसवू का?

गाडी वॉरंटीबाहेरची असेल, इंजिन निरोगी असेल आणि रनिंग भरपूर असेल तर बसवा. इंजेक्शनच्या गाडीला सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) किटच हवं. त्यात टाकी, रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा), गॅस इंजेक्टरची रेल, वेगळा ईसीयू (नियंत्रण करणारा छोटा संगणक) आणि फिल्टर येतात. आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या, कारण पेट्रोलवर झाकून जाणारं दुखणं गॅसवर उघडं पडतं.

बिघाड बहुतेक फिटिंगमध्ये आणि ट्यूनिंगमध्ये होतो. स्वस्तातला फिटर ॲव्हरेज जास्त दिसावं म्हणून गॅस कमी सोडतो. मिश्रण पातळ झालं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा) तापतात, त्या बसतात त्या कडा झिजतात आणि वर्ष-दीड वर्षात इंजिनच्या हेडचं काम निघतं. प्लगचा गॅप गॅससाठी थोडा कमी ठेवावा लागतो, आणि प्लग पेट्रोलच्या गाडीपेक्षा आधी बदलावे लागतात. भरलेली लोखंडी टाकी साठ-सत्तर किलोची असते, त्यामुळे मागच्या स्प्रिंगांना आधार लागतो. डिकी तर जातेच.

कागद तितकेच महत्त्वाचे आहेत. किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त असलं पाहिजे आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद झाली पाहिजे. ती नोंद विमा कंपनीलाही कळवा. न कळवलेल्या किटवर क्लेम अडकतो. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख असलेली पट्टी बघून पंपवाला गॅस भरतो, आणि मुदत संपली असेल तर भरत नाही. जुनी सीएनजी गाडी घेतानाही हीच पट्टी आधी वाचा.

सीएनजीची गाडी घाटात दम टाकते का?

ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी होते. चार माणसं, सामान, एसी आणि समोर वरंधा किंवा आंबोलीचा घाट असेल तर ते जाणवतं. चढ लागण्याआधी पेट्रोलवर टाका, घाट संपला की परत गॅसवर. मात्र पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. टाकीच्या आतला, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप त्या पेट्रोलनेच गार राहतो. पाच-सहा लिटर कायम असू द्या आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते टाकीत पडून जुनं होणार नाही.

डिझेलचे दिवस संपले का?

लहान गाड्यांपुरते जवळजवळ संपले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. त्या मधल्या चार वर्षांत दोन्हींतली तफावत लिटरमागे तीस रुपयांपर्यंत गेली होती आणि महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्यांनीही डिझेलच्या गाड्या काढल्या. तफावत मिटली, मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, लहान डिझेल इंजिन महाग पडू लागलं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने डिझेल गाड्या बंदच केल्या. चार वर्षांपुरत्या दराच्या फरकावर दहा वर्षांची गाडी घेतली की काय होतं, ते तेव्हा पुष्कळांनी अनुभवलं. सीएनजी घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण तिचा दरही गेल्या काही वर्षांत वर सरकला आहे.

महामार्गावर महिन्याला दोन हजार किलोमीटर होत असतील तर डिझेल अजून चालेल. शहरात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याने बीएस-६ डिझेल घेऊ नये. धुराच्या नळीतला डीपीएफ गाळणा जळून साफ व्हायला सलग वेगातलं चालणं लागतं. ते मिळालं नाही तर काजळी साचते, दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते, आणि गाळणा बदलायची वेळ आली तर बिल चांगलंच मोठं येतं.

ब्रोशरवर २५ चं ॲव्हरेज, प्रत्यक्षात १६. फसवलं का?

फसवलं नाही, पण तो आकडा तुमच्या रस्त्याचा नाही. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरावीक वेगाने काढलेला असतो. दोन मॉडेलांची तुलना करायला तो ठीक. खर्च काढायला त्यातून एक तृतीयांश वजा करा.

आपलं ॲव्हरेज फुल्ल टू फुल्ल पद्धतीने मोजा. नोझल पहिल्यांदा बंद पडेल तिथवर टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा तिथवर भरा. किलोमीटर भागिले लिटर. तीन वेळा करून सरासरी घ्या. ‘दोनशेचं टाकलं, इतकी चालली’ या हिशेबाला काही अर्थ नाही.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे फरक पडतो का, असं हल्ली सगळेच विचारतात. पडतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणावरून २० वर गेलं की ऊर्जा तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. १६ चं ॲव्हरेज साडेपंधरावर येईल. बारावर आलं असेल तर दोष इथेनॉलचा नाही. टायरची हवा, अडकलेला ब्रेक, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने तपासा.

हप्ता कमी पडावा म्हणून सात वर्षांचं कर्ज घेऊ का?

सात लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज. पाच वर्षांचा हप्ता सुमारे १४,७०० रुपये, सात वर्षांचा ११,४४०. महिन्याला ३,२६० रुपये वाचल्यासारखे वाटतात, पण एकूण व्याज १ लाख ८२ हजारांवरून २ लाख ६१ हजारांवर जातं. याहून मोठी अडचण पुढे येते. चौथ्या वर्षी नोकरी गेली आणि गाडी विकायची वेळ आली, तर सात वर्षांच्या कर्जात गाडीची किंमत आणि शिल्लक कर्ज यांत फारसं अंतर उरलेलं नसतं. गाडी जाते आणि हातात काहीच येत नाही. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडीची किंमत कमी करा.

शोरूममध्ये हप्ता विचारायच्या आधी ऑनरोड किंमत लिहून घ्या. विमा, ॲक्सेसरी, ‘हँडलिंग’ आणि वाढीव वॉरंटी कर्जात ढकलली की हप्त्यात ती दिसत नाही.

नवी लहान घेऊ की त्याच पैशांत जुनी मोठी?

दुरुस्तीचा खर्च मोठ्या गाडीचाच येतो, ती कितीही स्वस्तात मिळाली तरी. पंधरा लाखांची गाडी सहा लाखांना मिळते, पण तिचे टायर, क्लच आणि हेडलाइट पंधरा लाखांच्या गाडीचेच असतात. विम्यातही फरक पडतो: वार्षिक थर्ड पार्टी प्रीमियम १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७.

तंगीत सगळ्यात शहाणपणाची खरेदी म्हणजे चार-पाच वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, खूप खपणाऱ्या मॉडेलची साधी पेट्रोल गाडी. मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कोणताही मेस्त्री ती उघडू शकतो. त्यात उपलब्ध असेल तर कंपनी फिटेड सीएनजी. बंद पडलेल्या कंपनीची गाडी कितीही देखणी असली तरी तंगीच्या दिवसांत घरी आणू नये.

जुनी गाडी बघताना नेमकं काय तपासायचं?

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर खरं सांगतो: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि न थांबणारा म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस असेल तर तिथेच थांबा.

मीटर मागे केलेला असणं सर्रास. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुने किलोमीटर काढून घ्या. टायरवर चार अंकी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘फक्त २५ हजार चालली’ असं म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या गाडीला चारही टायर नवे असतील तर कारण विचारा. क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज खोटं बोलत नाही.

महाराष्ट्रात पुराची गाडी हा वेगळा धोका आहे. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण, आणि मुंबईच्या सखल भागातलं पाणी तर दर पावसाळ्याचं. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर गंज शोधा. कारपेटचा कोपरा उचला. उग्र सुगंधी फवारा मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, खालचा कुबट वास कळतो.

मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर तीस-चाळीस किलोमीटर चालवून पुन्हा लावा. मेस्त्री तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. त्याचे हजार-पंधराशे रुपये या सगळ्या व्यवहारातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे असतात.

कागदपत्रांत कुठे अडकायला होतं?

सर्वांत जास्त एचपीमध्ये, म्हणजे आरसीवर नोंदलेल्या कर्जाच्या बोजात. मालकाने कर्ज फेडलेलं असतं, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरवलेलं नसतं. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेली ई-चलनं बघा. ती हजारांत निघतात आणि नाव लागल्यावर डोकेदुखी तुमची होते. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का, तेही बघा.

विकणाऱ्यासाठी एक गोष्ट. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी डीलरला देऊन मोकळं होऊ नका. अपघात झाला तर कायदा आरसीवरचं नाव बघतो. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो राखून घ्या, नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊ का?

तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या स्वस्तात बाहेर काढल्या जातात. इथे आणल्यावर घसारा वजा केलेल्या किमतीवर महाराष्ट्राचा वाहनकर भरावा लागतो, नवी नोंदणी, एजंट, वाहतूक वेगळी. वरून टर्बो, इंजेक्टर आणि क्लचचं वय झालेलं असतं. सगळं धरल्यावर इथल्याच गाडीपेक्षा पन्नास-साठ हजार वाचतात की नाही याचीच शंका. एनओसी हातात नसेल तर विषयच नको.

इलेक्ट्रिक गाडीने प्रश्न सुटतो का?

घरी चार्जिंग असेल आणि रोजचं रनिंग ठरलेलं असेल तर बऱ्यापैकी. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरा. घरच्या विजेवर किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास, सार्वजनिक फास्ट चार्जरवर सीएनजीइतकाच खर्च येतो. म्हणजे सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला नकार दिला तर बचतीचं सगळं गणितच कोसळतं. परवानगी गाडी बुक करण्याआधी, लेखी घ्या.

एक बारकावा सुटतो: हजार किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला १७०-१७५ युनिट जास्त लागतात. ते घरच्याच मीटरवर आले तर हे जादा युनिट वरच्या स्लॅबच्या महाग दराने लागतात. ईव्हीसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याचा दर महावितरणकडून समजून घ्या. अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच) आणि मंजूर भार तपासल्याशिवाय १५ अँपिअरच्या सॉकेटला रात्रभर गाडी लावू नका. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात वाहनकर माफ आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफीची तरतूद आहे. रोज त्या वाटेने जाणाऱ्याला ही बचत इंधनाच्या बचतीइतकीच मोठी ठरू शकते.

दसऱ्याला घ्यावी की डिसेंबरपर्यंत थांबावं?

मुहूर्ताला मागणी असते, सूट कमी. डिसेंबरात सूट मिळते, पण गाडी सरत्या वर्षाची. जानेवारीत ती कागदावर एक वर्षाने जुनी होते. सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबर चांगला, तीन वर्षांत विकणार असाल तर सूट त्यातच जाते. २२ सप्टेंबर २०२५ च्या घटस्थापनेपासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीच्या किमतीवर बेतलेला जुन्या गाडीचा भाव कोणी सांगत असेल तर खाली ओढा.

आहे तीच गाडी आणखी पाच वर्षं ओढली तर?

बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. दहा वर्षांच्या गाडीला टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, क्लच आणि रेडिएटरचे होज असं सगळं एकदम केलं तरी साधारण साठ-सत्तर हजार जातात, म्हणजे वरच्या हिशेबातला दहा महिन्यांचा घसारा. हे काम तुकड्यातुकड्यांनी, रस्त्यात बंद पडेल तसं केलं की महाग पडतं. पावसाळ्याआधी एकदाच यादी करून उरका.

थांबायचं कुठे? खालचा पत्रा, दाराखालची पट्टी (सिल) आणि सस्पेन्शनच्या जागा गंजल्या असतील तर. किनारपट्टीवरच्या गाड्यांना हा रोग लवकर लागतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेली बॉडी नाही. पंधरा वर्षं झाली की गाडी तपासून घेऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्याचं शुल्क कारसाठी ५,००० रुपये, वीस वर्षांनंतर १०,०००, शिवाय पर्यावरण कर. नूतनीकरणाच्या वर्षी मोठं काम निघणार असेल, तर मुदत संपायच्या सहा महिने आधीच विकायला काढा. मुदत संपलेल्या आरसीच्या गाडीला भंगारवालाच भाव सांगतो.